गंज, परात आणि इतिहासाचा तास

आमच्या शिक्षण खात्याचा एक लाडका शब्द आहे, ‘नवाचार’. वर्गात काहीतरी नवीन करायचं, त्याचे फोटो काढायचे आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचे, असा त्याचा अर्थ. फोटो आडवा हवा, मुलं हसरी हवीत आणि बाई कोपऱ्यात का होईना, पण दिसायला हव्यात. मग खाली टाळ्यांचे हात उगवतात. मुलांना काय कळलं, असं त्या ग्रुपवर आजवर कोणी विचारलेलं मला तरी आठवत नाही.

मी मध्य प्रदेशात, रामाकोन्याच्या अलीकडच्या एका खेड्यात मिडल शाळेत शिकवते. सामाजिक विज्ञान माझ्याकडे, मराठी माझ्याकडे, आणि चित्रकलेला शिक्षक कधी आलाच नाही म्हणून तीही माझ्याच गळ्यात पडलेली. राहते सौंसरला, माहेर पांढुर्ण्याचं. वडील तिथल्या नगरपालिकेत नोकरीला होते. अलीकडे पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हापासून सासरी माझ्या माहेराचा भाव थोडा वधारला आहे.

त्या वर्षी सौंसरच्या प्रशिक्षणात बाहेरून एक हुशार तरुण आला होता. इतिहास, कला आणि भाषा हे तिन्ही विषय एकाच धड्यात कसे गुंफायचे, ते त्याने पडद्यावर दाखवलं. कुठल्याशा शाळेतली गुबगुबीत मुलं आइस्क्रीमच्या काड्यांचा किल्ला बांधत होती. मागच्या बाकावरून लोधीखेड्याकडचे एक गुरुजी म्हणाले, “आमच्या शाळेत इतक्या काड्या जमवाच्या म्हटलं, तं पोरं आधी सर्दीनं पडतीन.” तरुणाने तेसुद्धा टिपून घेतलं.

बाकीच्यांनी चहा घेतला आणि घरी गेले. मी मात्र खरोखरच पेटले. माझा हा स्वभावच आहे. नवरा म्हणतो, तुला प्रशिक्षणाला पाठवणं म्हणजे घरच्या स्वयंपाकाला आठवडाभर रजा देणं.

पहिला प्रयोग केला राजाच्या डायरीचा. तुम्ही राजा आहात असं समजा आणि एका दिवसाची डायरी लिहा, असं सहावीला सांगितलं. एकाने लिहिलं, “सकाळी उठलो, ब्रश केला, चहा-टोस खाल्लं, लढाईले गेलो, जिंकून आलो, मंग आईनं भात वाढला.” मला ते फार आवडलं, पण ग्रुपवर टाकण्याजोगं नव्हतं. दुसरा प्रयोग गुहाचित्रांचा. आदिमानव भिंतीवर कोळशाने कसा चित्र काढत असेल, ते आपण करून पाहू म्हटलं. मी शाळेमागची पडकी भिंत सांगितली होती. मुलांनी नुकताच चुना मारलेली पुढची भिंत घेतली, कारण काळं तिथेच उठून दिसत होतं. आमचे हेडमास्तर रीवा बाजूचे, सज्जन आणि जरा भित्रे. ते त्या भिंतीवरच्या रानडुकराकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि आत गेले. तिसरा प्रयोग ‘माझं गाव’ या निबंधाचा. सगळ्यांच्याच गावातून नदी खळखळ वाहत होती. आमच्या गावाला नदी नाही. एक नाला आहे, तोही दिवाळीनंतर संपावर जातो.

निबंध परत देताना मी चिडून म्हणाले, “आपल्या गावात किल्ला नाही, शिलालेख नाही, ताम्रपट नाही. मग तुमचा इतिहास आणू कुठून?” संध्याकाळी घरी येऊन भांडी घासायला बसले, तर हातात आईने लग्नात दिलेला पितळी तांब्या. त्याच्या गळ्याशी टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं, कोणी दिला, कोणाला दिला, कशानिमित्त दिला. आमच्याकडे लग्नातलं भांडं नावाशिवाय देत नाहीत. दुकानदार बारीक छिन्नीने टक टक करत नाव घालतो आणि देणारा समोर उभा राहून एकेक अक्षर वसूल करून घेतो. म्हणजे मी शाळेत ताम्रपटासाठी रडत होते आणि घरी रोज तो पावडर लावून घासत होते. मला माझंच हसू आलं.

मग धडा असा ठरला. प्रत्येकाने घरातलं नाव कोरलेलं जुनं भांडं आणायचं. नावावर कागद धरून वरून पेन्सिल आडवी घासायची, म्हणजे अक्षरं कागदावर उमटतात. ही झाली कला. ते भांडं घरात कसं आलं ते मोठ्यांना विचारायचं, हा झाला इतिहास. आणि ‘मी गंज बोलतोय’, गंज म्हणजे आमच्याकडचं खोल पातेलं, किंवा ‘मी परात बोलतेय’ अशी भांड्याची कहाणी लिहायची, ही झाली भाषा. आइस्क्रीमची एकही काडी लागणार नव्हती.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं शेवटी त्यांच्याच अंगणात जाऊन आदळलं.

काकू म्हणजे शाळेत मध्यान्ह भोजन रांधणाऱ्या महिला समूहाच्या अध्यक्ष. घरी संत्र्याचा बगीचा, कपाशी, सुना, नातवंडं, तरी शाळेच्या चुलीपुढे स्वतः बसणार. आवाज असा की दुसऱ्या पाळीची घंटा वाजवावी लागत नाही. मी पहिल्यांदा त्या शाळेत रुजू झाले तेव्हा बाकी सगळे मला ‘नवीन मॅडम’ म्हणत होते, काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “बाई, तुमी लयच वाळल्या वो. घरी खात नाही का?” त्या दिवसापासून मला त्यांच्या हातचं खावंच लागलं. संत्री निघाली की माझ्या पिशवीत पहिली त्यांची संत्री. एकदा शाळेतच मला ताप भरला, तेव्हा बस येईपर्यंत माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

पण माझ्या हातचं त्या खात नसत. डबा पुढे केला की त्यांची दाढ दुखे. मुलीच्या वाढदिवसाला बोलावलं तर घरी पाव्हणे आले. सौंसरचं घर बांधलं, त्या वेळी मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन पत्रिका दिली, तर नेमकी त्या दिवशी बस चुकली. नंतर गुडघा, मग शेतातलं निंदण, मग कोणता तरी उपास. आम्ही बौद्ध, त्या महालक्ष्म्या बसवणाऱ्या घरातल्या. हे कारण मात्र कधी कोणी तोंडातून काढलं नाही, ना त्यांनी ना मी. काकूंची दाढ खरी असेल, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. माझा राग यायचा आणि जायचा, माया काही जात नव्हती. मला भाषणं नको होती, माफी नको होती. या बाईने एकदा माझ्या घरी बसून माझ्या हातचं जेवावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते मला फार हवं होतं.

धड्याच्या दिवशी वर्ग म्हणजे भांड्यांचं दुकान झालं होतं. तांबे, गडवे, लोट्या, एक डबा, एकाने आणलेला स्टीलचा पंखाही, त्यावर कुठल्या तरी सोसायटीचं नाव होतं म्हणून. काकूंची नात सातवीत. तिने आजी शाळेत रांधायला आल्यावर माळ्यावरून भलामोठा पितळी गंज उतरवला होता. हा गंज वर्षातून एकदाच खाली येई, महालक्ष्म्यांच्या पुरणाची डाळ शिजवायला. बाहेरून वर्षानुवर्षांचा काळा थर. पोरीने तो चिंचेने घासघासून काढला होता आणि खालून अक्षरं निघाली होती. ती खुशीत होती. तिने कागद धरला, पेन्सिल घासली आणि मी म्हटलं, आता सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखव.

आमच्या मुलांची एक सवय आहे. एकाने वाचलं की बाकीचे मागून एका सुरात म्हणतात. पोरगी एकेक शब्द सोडवत वाचत गेली आणि वर्ग मागोमाग. आधी एका बाईंचं नाव, मग ‘यांजकडून भाचीस लग्नात सप्रेम भेट’, आणि शेवटी ठळक ‘जयभीम’. वर्ग कौलं उडतील अशा आवाजात म्हणाला, “जयभीम!” आता जयभीम म्हटलं की उत्तर द्यायचं असतं, हे गावातल्या बौद्ध वस्तीतल्या मुलांच्या अंगात भिनलेलं. खिडकीकडच्या दोन ओळी तितक्याच जोरात उत्तरल्या, “जयभीम!” आणि सवयीने, खरंच सवयीने, मीसुद्धा.

स्वयंपाकाची खोली वर्गाला लागूनच आहे. तिथला कढईतला झारा थांबला. काकू दारात आल्या, गंजाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बाई, हे काय शिकवून राहिल्या तुमी पोराईले?” एवढंच म्हणाल्या. नातीचा हात धरला, गंज काखेत मारला आणि निघून गेल्या. त्या दिवशी भाजी करपली.

हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. “मैडम, इतिहास किताब से पढ़ाइए न,” ते अगदी काकुळतीने म्हणाले, “किताब में सब मरे हुए लोग हैं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, फोटो ग्रुपवर टाकू नका. फोटो मी मधल्या सुट्टीतच टाकला होता. त्यावर ‘जयभीम’ स्वच्छ वाचता येत होतं आणि खाली टाळ्याच टाळ्या होत्या. कोणीही काही वाचलं नव्हतं. खात्याच्या या सवयीचे मी त्या दिवशी मनापासून आभार मानले.

पण गावाने वाचलं होतं. ज्या गंजात देवीच्या नैवेद्याची डाळ शिजत आली, तो वस्तीतल्या घरचा निघाला, ही बातमी संध्याकाळपर्यंत नाल्यापलीकडे गेली. काही हसले, काही गप्प झाले. काकू शाळेत येत होत्या, रांधत होत्या, पण माझ्याशी बोलत नव्हत्या. चहा दुसऱ्या बाईच्या हातून यायचा. मला धडकी भरली होती. त्यांनी माझ्या घरी जेवावं हे राहिलं बाजूला, होतं तेही माझ्या त्या नवाचाराने घालवलं, असं वाटू लागलं. रात्री नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, “काड्यांचा किल्ला केला असता तर?” मी त्याच्याशीही बोलणं सोडलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मुलं जेवायला बसली होती तेव्हा, वस्तीतल्या एक मावशी फाटकातून आत आल्या. कापूस वेचायला त्या काकूंच्याच शेतात जातात. डोक्यावर एक पितळी परात होती. त्यांचा नातूही सातवीतच, आणि त्यानेही घरच्या परातीवरचं नाव वाचून कागदावर उतरवून नेलं होतं. पण गंजाच्या गोंधळात त्याचा कागद वाचायचा राहूनच गेला होता. मावशींनी परात काकूंपुढे ठेवली.

“घ्या, तुमची हाये. तुमच्या सासऱ्याचं नाव हाये म्हणते यावर, पोट्टा म्हणून राहिला.”

काकूंनी परात फिरवून पाहिली. वाचता येतं त्यांना, चष्मा नाही. बोट फिरवूनच त्यांनी नाव ओळखलं असावं. “तुह्या घरी कशी आली व ही?”

“जसा माहा गंज तुमच्या घरी गेला तशीच. त्यावरची भाची मीच. आठोते का, पिंपयाखाली कल्हईवाला बसे? माहं नवीन लगन झालं होतं. साऱ्या गावची भांडी त्याच्यापाशी. जाताना जे हाती आलं ते देल्लं त्यानं.”

“आमच्या सासूबाई अलग ठेवाले सांगे आपली भांडी.”

“सांगे तं. त्याच्या भट्टीले काय मालूम?”

मुलांचे घास हातात राहिले होते. हेडमास्तर खांबामागे उभे होते. मी कुठे उभी होते ते मला आठवत नाही, माझं सगळं लक्ष काकूंच्या चेहऱ्याकडे होतं. त्या उठल्या. “थांब,” म्हणाल्या आणि घरी गेल्या. थोड्या वेळाने गंज घेऊन आल्या आणि परातीशेजारी आपटला.

“घे. तुह्या मावशीनं देल्ला ना? ने.”

मावशी खाली बसल्या. गंज उलटा केला, सुलटा केला, बुडावर बोटाने टिचकी मारली. “पातय करून टाकला वो घासू घासू.”

“मी पातय केला? अन् तुमी या परातीले हे पोचे कायचे पाडले? हाणामारी करत होते का हिच्यानं?”

“कणीक मयाची परात हाये, पोचा तं पडनच. पोरीच्या लग्नात अख्ख्या वस्तीची कणीक मयली म्या हिच्यात. तुमच्या घरी गंज तं वरसातून एकदा बाहीर येते, तरी हे हाल!”

आणि मग त्या दोघी भांडल्या. पोचे, डाग, कल्हई, कान मोडला तो कोणामुळे, सगळं निघालं. मी काकूंच्या शेतात मावशींना पाहिलेलं आहे. तिथे मावशी मान खाली घालून ‘हो बाई’ म्हणायच्या. आज त्यांची मान वर होती, आणि काकू त्यांना गप्प बस म्हणत नव्हत्या, उत्तरं देत होत्या. मुलांना इतका चांगला इतिहासाचा तास मी कधी देऊ शकले नव्हते. हे मला तिथेच कळलं आणि थोडं लागलंही.

शेवटी दोघी दमल्या. मावशींनी गंजाला हात घातला, उचलला, पुन्हा खाली ठेवला. “मले कायले पुरते आता एवढा गंज? घरात तिघं आमी. परात लागते.”

काकूंनी गंज स्वतःकडे ओढला. मग गंजाचा काठ पदराने पुसत म्हणाल्या, “डाय याच्यातच चांगली शिजते. दुसऱ्यात लागते बुडाले. हात बसला हाये माहा.”

“मंग राहू द्या.”

“महालक्ष्म्याईच्या जेवनाले ये मंग यंदा. गंज तुहा हाये.” हे काकू मावशींकडे न बघता म्हणाल्या, चुलीकडे तोंड करून. मावशींनी परात डोक्यावर घेतली. “मागच्या दारानं नाही येनार मी,” असं त्या फाटकापाशी थांबून म्हणाल्या. काकूंनी “कोन म्हणते मागच्या दारानं?” असं ओरडून विचारलं आणि मुलांवर खेकसल्या, खा म्हणून. मावशी त्या वर्षी गेल्या की नाही ते सांगायला मी काही तिथे नव्हते. वस्तीत म्हणतात, गेल्या, आणि डाळ बरी होती असं म्हणाल्या.

माझ्याशी मात्र काकू अजून मोजकंच बोलत होत्या. चहा पुन्हा त्यांच्या हातून येऊ लागला, पण साखर कमी. मी डबा पुढे करणं सोडून दिलं होतं. प्रत्येक वेळी नकार ऐकायला माणसाला ताकद लागते, आणि माझी संपली होती.

मग एका सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, दारावर थाप पडली. काकू. हातात पिशवी, कपाळावर घाम. सौंसरला चष्म्याचा नंबर काढायला आल्या होत्या. “तुमचं घर तं पायलंच नव्हतं मी. विचारत विचारत आली.”

मी पाणी दिलं. त्या घटाघटा प्यायल्या. घरभर फिरल्या, भिंती हाताने ठोकून पाहिल्या, बुद्धाच्या मूर्तीपुढे क्षणभर थांबल्या, माझ्या पडद्यांना नावं ठेवली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “भूक लागून राहिली वो बाई. काय केलं हाये?”

काय केलं होतं? काहीच केलं नव्हतं. बाजार व्हायचा होता, भाजीची टोपली रिकामी. सकाळच्या ज्वारीच्या भाकरी, तुरीचं वरण आणि वाटीत कालचा लाल मिरचीचा ठेचा. या बाईला जेवू घालायचे बेत मी किती वर्षं मनातल्या मनात रांधले होते, आणि आज ती दारात उभी तर घरात शिळं. मला रडू फुटायच्या बेतात होतं. “बसा काकू, मी पटकन पोळ्या टाकते, समोरून भाजी आणते.”

“काही नोको. हाये ते वाढा. माही बस जाते.”

टेबलाकडे त्यांनी पाहिलंही नाही. भिंतीला पाठ लावून खाली बसल्या. मी ताट वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, वरणात कुस्करली, ठेच्याला बोट लावलं आणि पहिला घास घेतला. मी ओट्याकडे तोंड करून उगाच डबे हलवत राहिले, कारण डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसलं असतं तर दोघींची पंचाईत झाली असती.

“मीठ कमी हाये वरणात,” मागून आवाज आला. मी मीठ दिलं. मग भाकरी मागितली. मग अजून अर्धी. ठेचा संपवला. ताटात काही राहिलं नाही. हात धुवून, पदराला पुसून त्या उठल्या, पिशवी घेतली आणि दारात वळून अगदी गंभीरपणे म्हणाल्या,

“इतकं चांगलं रांधता, अन् इतक्या वरसात एकदा बी जेवाले बोलावलं नाही मले. काऊन वो बाई?”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हसण्याची एक रेघ नव्हती. वास्तूची पत्रिका, वाढदिवस, दाढ, गुडघा, सगळं माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं होतं.

“चुकलंच माझं, काकू,” मी म्हणाले, आणि त्यांची पिशवी घेऊन बसपर्यंत सोडायला निघाले.